फेट्याची डिस्क

चांगदेव आबांच्या डोक्यावर फेटा आपण आपल्या हातानं ठेवला, एवढं एकदा सिद्ध झालं असतं तर भांडगावच्या हौसरावांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पहिली म्हणजे लेक. शितल लग्न होऊन शिरूरला गेली, ती मांडवपरतणीचा दिवस सोडला तर माहेरी आलीच नव्हती. दुसरा जावई. अधिक महिना तोंडावर आलेला, लग्नानंतरचा पहिलाच धोंडा, आणि धोंड्याला जावई जेवायला आला नाही की गाव कारण विचारतं. हौसरावांनी चांदीचा दिवा आणून कपाटात ठेवला होता. आता तो घ्यायला जावई तेवढा पाहिजे होता. तिसरं जे मिळणार होतं ते त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात त्याचीच किंमत सगळ्यात चढी धरली होती. आबा चारचौघांत खोटे ठरणार होते.

खर्चाच्या बाजूला त्यांनी फक्त पेट्रोल धरलं होतं.

भांडण तसं डोक्याएवढंच होतं. लग्न चौफुल्याजवळच्या एका लॉन्सवर झालं. आपल्याकडं मंगलाष्टकांच्या आधी माइकवाल्याचा तास असतो. तो एकेक नाव बिरुदांसकट पुकारतो, माणूस उभा राहतो, नवरीचा बाप तयार फेटा त्याच्या डोक्यावर ठेवतो, अंगावर शाल, हातात नारळ, फोटो, पुढचा. आबा म्हणजे नवरदेवाचे थोरले चुलते. नवरदेवाचे, म्हणजे सार्थकचे, वडील लवकर गेले, त्यामुळं त्या घरात शब्द आबांचा. आबांचं म्हणणं असं, की नाव पुकारलं पण फेटा काही आला नाही, आणि म्हणून आपण मांडवातून पाण्याचा घोटही न घेता उपाशी उठून आलो. 'उपाशी' हा शब्द ते जरा ओढून म्हणत. पहिल्या महिन्यात ते फक्त लग्नाचं जेवण सोडून आले होते. उन्हाळा लागेपर्यंत ते आदल्या रात्रीपासूनच उपाशी होते असं निघालं.

हौसराव म्हणत, ठेवला, मी ह्या हातांनी ठेवला, वर मिठी मारली. दोघांनीही इतक्या लोकांसमोर इतक्या वेळा सांगितलं होतं की आता मागं यायला वाट उरली नव्हती. आबांनी निकाल दिला होता: मानाचा उलगडा होईस्तोवर आपल्या घरातलं कुणी भांडगावची पायरी चढणार नाही. सून आता आपल्या घरातली, म्हणजे तीही नाही.

आता लग्नं दोन्हीकडची असतात तसे फोटोग्राफरही दोन्हीकडचे असतात. नवरदेवाकडचा शिरूरचा साई, नवरीकडची पाटसची प्रांजल. फेट्यांच्या तासाला साई नवरदेवाच्या घोड्यामागं ड्रोन उडवत बाहेर होता. आतलं सगळं प्रांजलच्या तिकाटण्यावरच्या कॅमेऱ्यात, एका दमात, न थांबता. तेव्हा पुरावा पाटसला होता.

हौसरावांना वाटलं, तेवढा तुकडा मोबाईलवर पाठवला की झालं. पण आबांचा मोबाईलवरचा विश्वास उडालेला. मागं त्यांच्या नातवंडांनी आबा भीमेच्या पात्रात वाघावर बसलेत असा व्हिडिओ बनवला होता. वाईट हे, की तो खोटा आहे हे कळायच्या आधी आबांनी स्वतःच तो अर्ध्या शिरूरला दाखवला होता. तेव्हापासून मोबाईलमधलं सगळं खोटं. त्यांनी अट घातली, की पाहायचं तर जसं काढलं तसं, अख्खं, न कापता, आणि आपल्या साईच्या मोठ्या पडद्यावर, माझ्यासमोर. हे सगळं नेटवरून पाठवायला घेतलं असतं तर अधिक महिना सरून निज महिना लागला असता. म्हणून डिस्क.

प्रांजलच्या कॉम्प्युटरवर लिनक्स होतं. पूर्वी विंडोज होतं, चोरीचं. त्यात व्हायरस शिरून एका सरपंचाच्या मुलीची हळद गेली, तेव्हापासून तिनं ते काढून टाकलं. आता तिचा कॉम्प्युटर ना पैसे मागायचा, ना आजारी पडायचा, आणि याचा तिला फार अभिमान होता. साईकडं मॅक होता, पुण्यातून जुना घेतलेला. त्याचे हप्ते अजून चालू होते, म्हणून त्याला त्याचा अभिमान आणखी जास्त होता. दोघं एकमेकांच्या मशीनबद्दल गिऱ्हाइकापाशी काय बोलत ते इथं लिहिण्यासारखं नाही.

प्रांजलनं खिशात मावेल एवढ्या हार्ड डिस्कवर सगळं उतरवलं, नेहमी उतरवायची तसंच. तिच्याकडं ती डिस्क लावली की दिसायची. ती दुसऱ्या कुणाकडं दिसेल का, हे तिला विचारावंसं वाटलं नाही, कारण तिच्याकडून डिस्क आजवर दुसरीकडं गेलीच नव्हती.

हौसरावांना शिरूरच्या घरी जाता येत नव्हतं आणि सार्थकला भांडगावला. तेव्हा देवघेव मधे, न्हावऱ्याच्या चौकात ठरली. शितलच्या आईनं, गिताबाईंनी, डिस्क नुसती कशी पाठवायची म्हणून खाली कुरडयांचा मोठा डबा, त्यावर नव्या खणात गुंडाळलेली डिस्क, अशी पाठवणी केली. जावयानं दोन्ही घेतलं, सासऱ्याच्या पाया पडला आणि इकडंतिकडं बघत गाडीला किक मारली.

साईच्या स्टुडिओत त्या दिवशी आबा मधल्या खुर्चीवर, मागं चार भाऊबंद, आणि भिंतीला टेकून सार्थकची आई सोजराबाई व शितल. साईनं डिस्क लावली. मॅकनं जरा वेळ घेतला आणि इंग्रजीत कळवलं, की ही डिस्क या कॉम्प्युटरला वाचता येत नाही. खाली तीन बटणं दिली: नव्यानं तयार करा, असू द्या, बाहेर काढा.

"काय म्हंतंय?" आबांनी विचारलं.

"वाचता येत नाही म्हणतंय."

"म्हंजी आत काय न्हाई."

साईनं सांगायचा प्रयत्न केला की आत असू शकतं, फक्त ह्याला ते कळत नाही. आबांनी त्याच्याकडं दयेनं पाहिलं.

"आरं, कोरा कागद बी वाचता येत न्हाईच की."

भाऊबंदांनी माना हलवल्या. निकाल लागला: भांडगावकरांनी रिकामी पाठवली.

हे किती वाईट झालं ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात यायचं नाही. आपल्याकडं शेजारणीची वाटीसुद्धा रिकामी परत जात नाही, चिमूटभर साखर तरी तिच्यात पडते. आणि इथं व्याह्यानं व्याह्याला खणात गुंडाळून रिकामी वस्तू पाठवलेली. आबा म्हणाले, फेटा नव्हता तो परवडला. शितल खाली बघून उभी होती. तिची माहेरची पिशवी चैत्रापासून खाटेखाली भरून ठेवलेली होती. कुणाची पूजा, कुणाचं बारसं निघालं की त्यातली एखादी साडी ती काढायची, नेसायची, धुऊन घडी करून परत आत ठेवायची. पिशवी कमी होत नव्हती आणि हलतही नव्हती.

त्याच वेळी सोजराबाईंनी त्यांच्या परीनं चांगुलपणा केला. कुरडयांच्या डब्यात शेवया भरून ठेवायचं त्यांनी आधीच ठरवलं होतं. डबा भरून चाललाय तर डिस्कनं काय पाप केलंय, असा त्यांचा सवाल. आबा काहीही म्हणोत, आपण रिकामं द्यायचं नाही. त्यांनी साईला सांगितलं, की आपल्याकडच्या सत्यनारायणाचे फोटो घाल तिच्यात, विहीणबाई बघतील.

साई म्हणाला, घालायचे तर डिस्क आधी पुसावी लागेल.

"रिकामीच हाय म्हंताय ना सगळी? मग पुसायचं काय त्यात?"

प्रांजलला एक फोन केला असता तर ह्याचं उत्तर मिळालं असतं, पण फोन साईनं केला हे मग पाटसभर झालं असतं. त्यानं पहिलं बटण दाबलं, डिस्क मॅकच्या नव्या पद्धतीनं तयार केली आणि सत्यनारायण आत घातला. तो कोपऱ्यातच मावला. सोजराबाई म्हणाल्या, अर्धीमुर्धी नको, शिगोशीग भर. मग साईनं त्याच्याकडचं लग्नाचं होतं नव्हतं ते सगळं ओतलं: घोडा, ड्रोन, वरात, त्याच्या जोडीदारानं जेवणाच्या मांडवात फिरत काढलेलं. आत काय आहे ते त्यानं पाहिलं नाही. शिधा भरून देताना माणूस तांदळाचा एकेक दाणा थोडाच बघतो.

डिस्क शेवयांवर बसून न्हावऱ्यामार्गे परत गेली. हौसरावांनी ती थेट पाटसला नेली, कारण आबांनी पाहून काय कबूल केलं ते तिच्यातच भरून आलं असेल, असं त्यांनी धरलं होतं. प्रांजलनं ती लावली. लिनक्सनं सांगितलं, डिस्क आहे, पण तिच्यावर काय आहे ते ओळखीचं नाही.

"माझं काहीच नाही हो ह्यात, काका," प्रांजल म्हणाली. "त्यांनी पुसलं."

हौसराव खुर्चीत बसले. प्रांजलनं घाईघाईनं सांगितलं की मूळ सगळं माझ्याकडं दोन ठिकाणी ठेवलेलं आहे, काळजी करू नका. पण हौसरावांना मुळाची काळजी नव्हतीच.

"पुरावा पुसला," ते म्हणाले, "आन् वर रिकामी परत दिली. मला."

अशा रीतीनं एकाच डिस्कनं एका आठवड्यात दोन्ही घरांचा अपमान केला, आणि दोन्ही वेळा ती काठोकाठ भरलेली होती. हौसरावांनी फोनवर सांगितलं की चांदीचा दिवा सोनाराला परत करतो. आबांनी निरोप दिला की खुशाल करा. गिताबाईंनी शिरूरच्या शेवयांना हात लावणार नाही असं जाहीर केलं आणि दुसऱ्या दिवशी दुधात करून सगळ्यांना वाढल्या. शेवयांचा त्यात काय दोष होता.

शितल लग्नाआधी कोरेगाव भीमाला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये बसायची. दोन खात्यांतली भांडणं हेच तिचं काम होतं. एक खातं म्हणायचं माल पाठवला, दुसरं म्हणायचं आलाच नाही, आणि माल बहुतेक वेळा दुसऱ्याच कुठल्या फळीवर निवांत पडलेला असायचा. दोन्ही घरं छातीठोकपणे 'रिकामी' म्हणताहेत म्हटल्यावर तिला शंका आली. तिनं साईला फोन लावला, तो धरून ठेवून प्रांजलला लावला, आणि दोघांना कळायच्या आत जोडून दिलं.

पहिली पाच मिनिटं दोघांनी एकमेकांच्या मशीनचा उद्धार केला. ते झाल्यावर प्रांजलनं विचारलं, तू डिस्क कशात फॉरमॅट केलीस. साईनं सांगितलं. तिनं केली होती ती पद्धत तिनं सांगितली. घोळ तिथंच दोघांच्याही ध्यानात आला.

शितलला त्यांनी समजावलं ते असं: डिस्क म्हणजे फडताळ. माल तोच, पण कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात हे लिहून ठेवायची प्रत्येकाची रीत निराळी. लिनक्सची रीत मॅकला येत नाही, मॅकची लिनक्सला येत नाही. रीत कळली नाही की फडताळ भरलेलं असून हाताला काही लागत नाही.

"पण मग ही दोन इतकी परकी का?" शितलनं विचारलं.

प्रांजल म्हणाली परकी नाहीत, हीच तर गंमत आहे. दोघांची चाल युनिक्स नावाच्या एकाच जुन्या घराण्याची. आतल्या कितीतरी आज्ञा अक्षरशः सारख्या.

"म्हंजी भाऊबंद."

"भाऊबंदच."

"मग बरोबर हाय," शितल म्हणाली. "म्हणूनच एकमेकांचं वाचत न्हाईत."

उपाय दोघांनाही माहीत होता, फक्त आधी कुणी बोलायचं एवढाच प्रश्न होता. एक्सफॅट नावाची एक रीत आहे, विंडोजवाल्यांची, तिऱ्हाइताची. ती दोघांनाही वाचता येते आणि लिहिताही येते. साई म्हणाला त्यापेक्षा जुनी फॅट वापरू, ती सगळीकडं चालते. प्रांजल म्हणाली तिच्यात चार जीबीच्या वरची फाईल मावत नाही, फेट्यांचा तास ह्याच्या कितीतरी पट आहे, तुकडे करावे लागतील, आणि तुझ्या आबांना अखंड पाहिजे. साईनं ते मान्य केलं. कित्येक हंगामांत त्यानं प्रांजलचं मान्य केलेलं हे पहिलंच.

ठरलं असं, की दोघांनीही आपापलं चित्रण तिऱ्हाइताच्या रीतीनं एकेका डिस्कवर घालायचं. प्रांजलचं आबांना दाखवायला, साईचं गिताबाईंना द्यायला, कारण सोजराबाईंची भेट पोचलीच नव्हती.

इथवर सगळे सरळ मनानं चालले होते. बिघडलं ते डिस्क उघडायला लागल्यावर.

प्रांजलनं या वेळी चांगली खातरी करून घ्यायचं ठरवलं. उतरवलेली फाईल डिस्कवरूनच चालवून बघितली, आणि हौसराव शेजारी बसले. त्यांनी ते चित्रण अजून एकदाही पाहिलं नव्हतं. जे आपल्याला पक्कं माहीत आहे ते कोण बघत बसतो. पडद्यावर माइकवाला पुकारत होता: नवरदेवाचे थोरले चुलते, प्रगतशील बागायतदार, श्री. चांगदेव आबा. पहिल्या सोफ्याच्या कडेला पांढरेशुभ्र कपडे, मिशा, गांधी टोपी, असा एक माणूस बसला होता. फोटोसाठी चष्मा खिशात ठेवलेले हौसराव फेटा घेऊन त्याच्याकडं गेले. तो माणूस हात हलवत नको नको म्हणाला. डीजेच्या आवाजात ते हौसरावांना नम्रता वाटली. त्यांनी त्याला खांद्याला धरून उभा केला, टोपी काढली, फेटा ठेवला, शाल घातली, नारळ दिला, आणि खरंच, कडकडून मिठी मारली.

प्रांजलनं चित्र थांबवलं आणि जवळ जाऊन पाहिलं. "काका, हा वऱ्हाडाच्या ट्रॅव्हल्सचा ड्रायव्हर ना? मी ह्याला गाडी मागं घ्यायला सांगितली होती."

हौसरावांनी त्या थांबलेल्या मिठीकडं बघत हळूच विचारलं, की ही डिस्क पहिल्यासारखी करता येईल का. म्हणजे आपल्याकडं उघडणारी आणि तिकडं न उघडणारी.

करता येईल, प्रांजल म्हणाली, पण मी करणार नाही. आता न उघडली तर साई म्हणणार पाटसवालीला डिस्क भरता येत नाही. हौसरावांनी कुरडया देऊ केल्या. ती बधली नाही.

तिकडं शिरूरला शितल साईच्या मागं उभी राहून सासूची भेट भरली जाताना बघत होती. साईही आता खातरी करून घेत होता, एकेक फाईल उघडून. जेवणाच्या मांडवातली उघडली. मागं लाउडस्पीकरवर आबांचं नाव ऐकू येत होतं, प्रगतशील बागायतदार वगैरे, आणि पुढं खुद्द आबा, अक्षता पडायच्या आधीच्या पंगतीत, शर्टाच्या बाह्या वर सारून जिलबीचा घास घेत होते. नाव ऐकून त्यांनी एकदा मान वर केली, ताटाकडं पाहिलं, आणि वाढप्याला थांबायची खूण केली. शितलनं साईला सांगितलं, पुढची फाईल लावा.

पाटसची डिस्क घ्यायला ती या वेळी स्वतः न्हावऱ्याला आली. साईची तिनं शिरूरलाच ठेवली होती. सार्थकला तिनं पेट्रोल भरायला पाठवलं आणि बापाला रसवंतीच्या बाकावर बसवलं. हौसरावांनी डिस्क दिली आणि हात मागं घेतला नाही.

"उघडू नको तायडे ही."

तिनं कारण विचारलं. बापानं सांगितलं. सांगताना रसाच्या ग्लासातच बघत होते.

"मिठी बी मारली?"

"मारली," हौसराव म्हणाले. "तू येशील म्हणून तुझ्या आईनं माळवदावरची खोली सारवून घेतलीय. दोनदा."

शितल हसणार होती, ती हसली नाही. जिलबीचं मात्र तिनं बापाला सांगितलं नाही. शिल्लक सगळी एकदम मांडायची नसते, हे ती स्टोअरमध्येच शिकली होती. ती एवढंच म्हणाली, की आप्पा, दिवा परत करू नका.

दुसऱ्या दिवशी साईच्या स्टुडिओत पुन्हा तीच मंडळी जमायची होती. आबा चपला काढत होते तेवढ्यात शितल दारातच पदर सावरून उभी राहिली.

"आबा, एक इचारायचं व्हतं. दोन डिस्क हायेत. एक आप्पांची, एक आपल्या साईभाऊंची. आता दोन्ही उघडत्यात. आधी कंची लावाया सांगू?"

"आपली कशाला? आपल्या साईनं फेटं काढलं न्हाईत."

"न्हाई, त्यात जेवणाचा मांडव हाय. तुम्ही उपाशी आलात ते सगळ्यांना दिसंल, म्हणून म्हणलं."

आबांचा एक पाय चपलेत होता, तो तिथंच राहिला.

"तू बघितलीस?"

"म्या कशाला बघू," शितल म्हणाली. "मोठ्यांनी बघायची ती."

आबांनी तिच्याकडं नीट पाहिलं, लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. आणि आप्पांच्या डिस्कमध्ये काय आहे, असं विचारलं. त्यात फेटा आहे, ती म्हणाली, आणि हे खोटं नव्हतं.

आबा आत जाऊन मधल्या खुर्चीवर बसले. साईनं पाटसची डिस्क लावली. मॅकनं ती क्षणात ओळखली, पडद्यावर फाईल आली, साईचा चेहरा फुलला. त्यानं माऊसचा बाण तिच्यावर नेला.

"काढ ती," आबा म्हणाले. "उघडत न्हाई."

"उघडली की आबा. ही बघा."

"उघडत न्हाई म्हंतो ना."

साईनं पडद्याकडं पाहिलं, आबांकडं पाहिलं. अधिक सरल्यावर निज महिन्यात आबांच्या नातवाचं जावळ होतं आणि त्या कामाचा विसार घेऊन झालेला होता. त्यानं मान खाली घातली आणि म्हणाला, नाही उघडत.

मग आबांनी भाऊबंदांना सांगितलं, की ही यंत्रं एकमेकांचं वाचू शकत नाहीत आणि त्यांच्या नादी लागून आपण पाहुण्याशी वाकडं घेतलं. पाहुण्यानं फेटा आणला असंल, गर्दीत राहून गेला असंल. मोठ्यानं मन मोठं करावं. सून धोंड्याला जाईल, सार्थक जाईल, आणि आपण स्वतःही जाऊ. हे बोलताना त्यांचा आवाज इतका भरून आला की दोघा भाऊबंदांनी टोप्या काढून डोळे पुसले. सोजराबाईंना आनंद झाला. शितलनं डिस्क काढून घेऊन खणात गुंडाळली.

अधिकात भांडगावला धोंड्याचं जेवण झालं. हौसरावांनी आबांना दारातच थांबवलं, चष्मा पुसून घातला, तोंड नीट बघून घेतलं आणि मगच फेटा ठेवला. प्रांजलनं तो समोरून काढला. आबा पंगतीत बसले आणि ह्या वेळी सगळ्यांच्या देखत, मागून मागून जेवले.

आता जमाखर्च. हौसरावांना लेक मिळाली, जावई मिळाला, दिवा कपाटाबाहेर आला. आबा खोटे ठरायचे होते ते राहिलं, उलट चारचौघांत "माझ्याकडून गर्दीत चुकलं असंल" हे म्हणावं लागलं, आणि फेटा दुसऱ्यांदा विकत घ्यावा लागला. आबांचा उपास गेला. तो ते इतका रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्यांनाच भूक लागायची. आता कुणी विषय काढला तर ते उसाच्या बिलाबद्दल बोलतात. प्रांजल आणि साई यांनी शेवटी ते जुळवून दाखवलं होतं, पण दोन्ही तालुक्यांत पसरलं ते आबांचं वाक्य: त्या दोघांची यंत्रं एकमेकांचं वाचत नाहीत. जावळाचं काम आबांनी विसार परत न मागता श्रीगोंद्याच्या एका विंडोजवाल्याला दिलं. साईनं तो विसार प्रांजलबरोबर वाटून घेतला म्हणतात. त्यावरून दोघं आता रोज फोनवर असतात, त्याचा हिशेब अजून मांडायचा आहे.

शितल अख्खा अधिक महिना माहेरी राहिली. कुणी तिला लवकर ये म्हणालं नाही, आबा तर मुळीच नाही. तो सगळा महिना शिरूरच्या गोठ्यातल्या गाईंच्या दोन्ही वेळच्या धारा, डेअरीला किटली, आबांचा पहाटेचा बिनसाखरेचा चहा आणि चार माणसांच्या भाकरी, हे एकट्या सोजराबाईंनी केलं. ते कुणीच खर्चात धरलं नव्हतं.